कोलूतलं वटवाघूळ

॥ श्री ॥
तंजावूर, नवरात्रातली सप्तमी, रात्रीची वेळ

तीर्थस्वरूप सूर्यनारायणराव यांच्या सेवेशी, आपल्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे सीतारामरावाचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. (रीतीने पाहिलं तर जावई मी. नमस्कार तुमच्याकडून यायचा आणि मी तो मान डोलावून घ्यायचा. पण सध्या वेंकूबाई तुमच्याकडे पापनाशमला आहे आणि मी इथे तिच्या कोलूसमोर, म्हणजे पायऱ्यांवर मांडलेल्या तिच्या बाहुल्यांसमोर, एकटा बसलो आहे, तेव्हा मानापानाचं पुढे कधी तरी पाहू.)

तुमची प्रकृती कशी आहे? पत्राची सुरुवात अशीच करतात म्हणून विचारत नाही. मला खरोखरच काळजी आहे, आणि तिचं कारण पुढे कळेल. सुंदरीवहिनींचे गुडघे आता कसे आहेत? त्यांचा आवाज मात्र ठणठणीत आहे, कारण मी फोन केला की त्याच उचलतात आणि तुम्ही आंघोळीला गेला आहात असं सांगतात. सकाळी आंघोळ, दुपारी आंघोळ, काल संध्याकाळीही आंघोळ. पापनाशमला पाणी भरपूर आहे हे ऐकून होतो, पण इतकं असेल असं वाटलं नव्हतं. वेंकूबाई तर माझा फोन घेतच नाही. म्हणून हे पत्र. आपल्या शेजारचा गणेशकुमार रोज सकाळच्या गाडीने तुमच्या गावच्या कचेरीत कामाला येतो, त्याच्या हाती पाठवत आहे. तुम्ही त्या वेळी आंघोळीत असलात तर तो ओट्यावर बसून राहील, त्याला मी तसं बजावलं आहे.

मुद्द्याचं आधी सांगतो. विजयादशमीच्या संध्याकाळच्या आत वेंकूबाई घरी आली पाहिजे. कोलू मांडणारी जी घरची बाई, तिनेच त्या संध्याकाळी आरती करायची, गाणं म्हणायचं आणि मरपाच्चीच्या जोडीतली एक बाहुली आडवी करून निजवायची, हे तुम्हाला मी सांगायला नको. ती लाकडी जोडी तुमच्याच आईने लग्नात वेंकूबाईच्या ओटीत घातलेली. बाहुली निजवल्याशिवाय कोलू उतरवता येत नाही. मी निजवायला गेलो तर ती निजायची नाही असं मला आतून वाटतं.

आता हे सगळं कसं झालं ते सांगतो. वेंकूबाईने सांगितलं असेलच, पण तिची बाजू तुम्ही ऐकलीत तशी माझीही ऐका. (माझी बाजू तिच्या बाजूपेक्षा कमकुवत आहे, पण लांब आहे.)

मी जन्मभर विमा कंपनीत होतो. पॉलिसी, पॉलिसी असं मी इतक्या वेळा म्हटलं की झोपेतही मी हप्त्याची आठवण करून द्यायचो अशी वेंकूबाईची तक्रार असे. निवृत्त झालो तेव्हा विनुताने मला इंग्रजी शब्दांच्या घराण्यांचा एक जाडजूड कोश आणून दिला. अप्पा रिकामे बसून आईच्या स्वयंपाकात लुडबुड करतील, त्यापेक्षा वाचत बसलेले बरे, असा तिचा साधा हेतू. त्या कोशात मी पहिला शब्द काढला तो अर्थातच पॉलिसी. आणि सूर्यनारायणराव, मला दरदरून घाम फुटला. सरकारची जी पॉलिसी असते ती आणि विम्याची पॉलिसी, या दोघी एकमेकींच्या कोणीही लागत नाहीत! अक्षरं तीच, उच्चार तोच, पण एकीचं मूळ ग्रीकांच्या नगरीत आणि दुसरीचं मूळ पुरावा या अर्थाच्या भलत्याच शब्दात, तिथून इटलीच्या व्यापाऱ्यांच्या हातून ती आपल्याकडे आली. ज्या शब्दावर मी घर चालवलं, मुलगी शिकवली, तो कोणाच्या घरचा हेच मला ठाऊक नव्हतं.

त्या दिवसापासून मला हा नाद लागला. दिसायला सारखे आणि कुळाने वेगळे असे इंग्रजी शब्द मी हुडकायचे आणि जो समोर येईल त्याला ऐकवायचे. भाजीवाल्याला ऐकवले, न्हाव्याला ऐकवले (वस्तरा त्याच्या हातात असतानाही मी थांबलो नाही), नगर बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसांना ऐकवले. लोक पुढच्या थांब्यावर उतरून जायचे. त्यांचा थांबा तोच असावा असं मी इतके दिवस समजत होतो.

यंदा नवरात्राच्या आधी विनुता फोनवर म्हणाली की हल्ली कोलूला एखादी कल्पना धरून मांडणी करतात, कोणी चांद्रयान करतं, कोणी कल्याणमंडप, तर अप्पा, तुम्हीही आईला जरा हातभार लावा. तिचं म्हणणं एवढंच होतं की माळ्यावरच्या पायऱ्यांच्या फळ्या मी खाली काढून द्याव्यात. मी मात्र नेमणुकीचा हुकूम आल्यासारखा ताठ झालो. वेंकूबाईने बराच विचार करून मला सर्वांत खालच्या दोन पायऱ्या दिल्या. वर तिचे दशावतार, तिचा अष्टलक्ष्मींचा संच, धान्याचं दुकान मांडून बसलेले चेट्टियार आणि त्यांची बायको, आणि मधोमध मरपाच्चीची जोडी, नव्या रेशमी कपड्यांत. खाली मी आणि माझे इंग्रजी शब्द.

पहिल्या दिवशी मी सरळ वागलो. आरशाचा तुकडा आणि वाळू घेऊन नदी केली, तिच्या काठावर ‘बँक’ अशी चिठ्ठी लावली आणि पलीकडे पैसे साठवायचा पत्र्याचा डबा ठेवून त्यालाही ‘बँक’ अशीच चिठ्ठी लावली (या दोघी मुळात लांबच्या चुलत बहिणी निघाल्या, पण ते कळेपर्यंत नदी वाहू लागली होती). ‘सील’साठी कचेरीतला जुना शिक्का होता, पण त्या नावाचा जो गुळगुळीत समुद्री प्राणी असतो तो तंजावुरात मिळेना. शेवटी बाजारातून रबराचं काही तरी आणलं. अंबुजामामींनी (त्या आपल्या समोरच्या घरच्या, गातात चांगलं आणि बोलतात त्याहून मोठ्याने) ते पाहून विचारलं की आता माशांवरही शिक्का मारावा लागतो का. मी त्यांना लॅटिनपासून समजावून सांगितलं. त्यांनी खाली बसून ऐकलं. तेव्हा मला वाटलं की त्यांना गोडी लागली. आता वाटतं, हातात द्रोण होता आणि त्यातलं हरभऱ्यांचं सुंडल गरम होतं.

यशाने माणूस बिघडतो म्हणतात, मी तर यश येण्याआधीच बिघडलो. दुपारी वेंकूबाईचा डोळा लागला की मी एक पायरी वर सरकायचो. एकदा मांडलेलं कोलू शेवटापर्यंत हलवायचं नसतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण हातात शब्द होता आणि पायऱ्या अपुऱ्या होत्या. नदीची वाळू कमी पडली म्हणून मी चेट्टियारांच्या दुकानातले तांदूळ घेतले. बिचारे रिकाम्या पोत्यांसमोर बायकोसह बसून राहिले, भर सणात धंदा बसल्यासारखे. मग मला ‘मॅच’ सुचला. जोडीदार या अर्थाचा मॅच अस्सल जुन्या इंग्रजीतला आणि काडीपेटीतला मॅच फ्रेंचांच्या वातीवरून आलेला. माझ्या अंगावर काटा आला. जोडीदार म्हणून मरपाच्चीहून सरस काय मिळणार? मी तुमच्या आईने दिलेली ती जोडी उचलली, चौथ्या पायरीवर आणली आणि तिच्यासमोर एक काडीपेटी उभी केली. वेंकूबाई उठली, तिने पाहिलं आणि काडीपेटी उचलून स्वयंपाकघरात नेली. मी दुसरी आणली.

आणि मग वटवाघूळ. ‘बॅट’ म्हणजे चेंडूफळीची बॅट, तिचं घर वेगळं, आणि ‘बॅट’ म्हणजे वटवाघूळ, ते नाव थंड मुलखातून आलेलं. बॅट मिळाली. वटवाघूळ मी स्वतः केलं, मोडक्या छत्रीच्या काळ्या कापडाचं, तारेच्या पंखांचं, आणि कोलूवर छताला उलटं टांगलं. देवीच्या डोक्यावर नवरात्रात वटवाघूळ टांगू नये, हे वाक्य आता लिहितानाही मला पटतं. त्या वेळी मनात आलंच नाही. संध्याकाळी बायका जमल्या, उकडत होतं, कोणी तरी पंखा लावला. वटवाघूळ सुटलं, दिवाणखान्यात एक पूर्ण फेरी मारली (घडवलं चांगलं होतं, एवढं तरी माझ्या पदरात टाका) आणि अंबुजामामींच्या गजऱ्यावर जाऊन बसलं. ‘अय्यो मामा, वव्वाल!’ एवढंच त्या ओरडल्या आणि सगळ्या बायका हळदीकुंकू न घेता ओट्यावर. पोरं तेवढी ‘आणखी एकदा’ म्हणून नाचत होती. मी त्या गडबडीतही ओट्यापर्यंत जाऊन शब्दाचं मूळ सांगून आलो, म्हणजे लोक अर्धवट माहिती घेऊन घरी जाणार नाहीत.

वेंकूबाई गेली ती याच्यानंतर, पंचमीची संध्याकाळ उलटल्यावर. पंचमीला विशेष काही झालं नाही. अंबुजामामी आल्या (गजरा न माळता), फोनवर तंबोऱ्याची श्रुती लावली, एक दोन गाणी झाली आणि त्यांनी वेंकूबाईलाच गायचा आग्रह केला. ती कधी गात नाही, तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवशी कशी कोण जाणे, बसली आणि एक मराठी गाणं सुरू केलं, देवीच्या झोपाळ्याचं. एक ओळ झाली. अंबुजामामी खूश होऊन म्हणाल्या, काय पिच आहे! मी रीतीप्रमाणे दाराआड बसलो होतो, पण पिच हा शब्द कानावर पडल्यावर कोण बसून राहील? स्वराचा पिच वेगळा आणि डांबर या अर्थाचा पिच वेगळा, तो थेट लॅटिनातला! मी बाहेर आलो. डांबराचं सांगितलं, मग जहाजांच्या बुडाला डांबर का लावतात ते आलं, मग क्रिकेटचं पिच आलंच. माझं झालं तेव्हा श्रुती बंद झालेली होती आणि वेंकूबाई पानसुपारी वाटत होती. मी म्हटलं, हां, चालू दे तुझं गाणं. ती म्हणाली, ‘तुमचं अस्कं जालं की सांगा. मी तवर उगी बसतें.’ दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दही विरजलं, हरभरे कोणत्या डब्यात आहेत ते दाखवलं आणि पापनाशमची बस धरली. जाताना भांडली असती तर बरं झालं असतं.

तिच्यामागे माझे काय हाल झाले ते सांगतो. नऊ दिवसांचं आमंत्रण आधीच गेलेलं, त्यामुळे बायका येणारच. सुंडल मला करावं लागलं. हरभरे भिजत घालावे लागतात हे मला माहीत होतं, पण आदल्या रात्रीपासून घालावे लागतात हे डब्यावर कुठे लिहिलेलं नव्हतं. मी तासभर भिजवले. कुकरच्या इतक्या शिट्ट्या काढल्या की शेजारचे विचारायला आले. तरीही अंबुजामामींच्या दाढेवरची टोपी निघाली. त्यांनी ती शांतपणे रुमालात बांधली आणि मला धीर दिला की मीठ बरोबर पडलं आहे. आज मी देवळाकडच्या दुकानातून सुंडल आणलं. सगळ्यांनी दोनदा घेतलं आणि माझा हात बसला म्हणून कौतुक केलं. मी मान खाली घालून ते कौतुक घेतलं.

त्यातच कोलूच्या स्पर्धेचा निकाल लागला. आपल्या नगरच्या संघाचे गुरुमूर्ती (निवृत्त मुख्याध्यापक) घरोघर पाहून गेले होते. आपल्याला ‘सर्वांत निराळी मांडणी’ असं बक्षीस. नाव पुकारलं वेंकूबाईंचं, कारण कोलू घरच्या बाईचं असतं. बाई घरी नाही. मग व्यासपीठावर मी गेलो आणि सर्वांसमोर मला कुंकवाची पुडी, डझनभर हिरव्या बांगड्या आणि एक जांभळं ब्लाउजपीस देण्यात आलं. गुरुमूर्तींनी हसू दाबून माझा हात हातात घेतला. टाळ्या मात्र फार झाल्या.

आता तुमच्या प्रकृतीकडे येतो. वेंकूबाई कुठे गेली, असं सगळ्या विचारू लागल्या. बायको नवरात्रात घर सोडून गेली हे कोणत्या तोंडाने सांगणार? अंबुजामामींना मी सांगितलं की पापनाशमला भावाच्या छातीत दुखतं आहे. शेजारच्या सरस्वतीमामींनी विचारलं तेव्हा मला आधीचं आठवेना, आणि तुमच्या आंघोळी डोक्यात घोळत होत्या, म्हणून तुम्ही न्हाणीघरात पाय घसरून पडलात असं सांगितलं. दोघी भेटल्या, ताडून पाहिलं आणि छातीत कळ आल्यामुळेच तुम्ही न्हाणीघरात पडलात असं ठरवून मोकळ्या झाल्या. मी फक्त हो म्हणालो. माणूस किती खोटं बोलणार?

असो. वडीलधाऱ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, आणि वेंकूबाईस तुम्हाला जे योग्य वाटेल ते सांगावं. बाहुल्या वाट पाहत आहेत.

आपला,
सीताराम

ता. क. : खरी अडचण आत्ता लिहितो. अंबुजामामी आणि सरस्वतीमामी उद्या दुपारच्या बसने फळं आणि शहाळी घेऊन तुम्हाला पाहायला येत आहेत. मी पुष्कळ टाळलं, पण त्यांना तुमची खरोखर काळजी लागली आहे. तेव्हा कृपा करून दुपारभर अंथरुणावर पडून राहा. कुठे दुखतं असं विचारलं तर एक हात छातीवर आणि एक कमरेवर ठेवावा. सुंदरीवहिनींना निदान उद्या तरी तुम्ही आंघोळीला गेला आहात असं सांगू देऊ नका.

दुसरा ता. क. : कोलू मी पहिल्यासारखं केलं आहे. मरपाच्ची वर गेली, दोन्ही काडीपेट्या देवघरात, चेट्टियारांचे तांदूळ नदीतून गाळून परत दिले. माझ्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. वटवाघूळ पोरांना देऊन टाकलं. बांगड्या वेंकूबाईच्या मापाच्या नाहीत, मी मनगटाशी धरून पाहिल्या, म्हणजे तिच्या जुन्या बांगडीशी.

तिसरा ता. क. : वर वटवाघळाचं आणि काडीपेटीचं एवढं लांबण लावलं, ते जरा बाजूला ठेवा. ती कशाने गेली ते मला ठाऊक आहे. पंचमीला विशेष काही झालं नाही असं मी लिहिलं आहे, ते खोडलं नाही, कारण पत्र घाण दिसलं असतं. ते झोपाळ्याचं गाणं मी आजवर ऐकलेलंच नव्हतं, सूर्यनारायणराव. तिला ते येतं हेही मला माहीत नव्हतं. तिने पहिली ओळ म्हटली तेव्हा दाराआड मला इतकं बरं वाटलं होतं, आणि ते तिला सांगायचं सोडून मी डांबर सांगत बसलो. आता घरात कोणी नाही, बोलायला पुष्कळ जागा आहे, आणि मला बोलवत नाही. ती ओळ तेवढी डोक्यात फिरते. दुसरी काय असेल ते सुचत नाही. कोश उघडून बसलो, पण त्यात ते कुठून असणार?

तेव्हा तिला परत पाठवा असं मी आता म्हणत नाही. तिला वाटेल तेव्हा येईल. बाहुली न निजवता उभी राहिली तर राहू दे. माझं मागणं एवढंच. उद्या पाहुण्या गेल्यावर, तुम्हाला अंथरुणातून उठायची मुभा मिळाली की, तिला ते गाणं म्हणायला सांगा आणि मला फोन लावून तिच्याजवळ ठेवा. चोरून नको, पलीकडे मी आहे हे तिला आधी सांगा. नाही म्हणाली तर आग्रह करू नका. हो म्हणाली तर माझ्याकडून हूं की चूं ऐकू येणार नाही. लाइन तुटली असं समजून फोन ठेवून देऊ नका. मी ऐकत असेन.